लॅब दिली, आता ती चालवणारं माणूस पण द्या

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या पेपरात जळगाव-धुळ्याच्या पानांवर अमुक शाळेला सायन्स लॅब मिळाली, तमुक शाळेला रोबोटिक्सचे किट मिळाले अशा बातम्या हल्ली बऱ्याच येताय, फोटोत फीत कापणारे पाहुणे, मागे पोरं टाळ्या वाजवताय. वाचून खरंच बरं वाटतं, कारण आमच्या वेळी पूर्ण शाळेत एक भिंग आणि एक लोहचुंबक होता. पण त्या लॅबचं पुढे काय होतं ते थोडं जवळून बघायला मिळालंय म्हणून हे पत्र लिहितेय. देणाऱ्यांना एकच विनंती आहे की वस्तूसोबत ती चालवणाऱ्या माणसाचा पगार पण द्या, आणि तो एका वर्षासाठी नाही, तीन-चार वर्षांसाठी द्या.

मी जळगाव एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये सर्व्हिसचं काम बघते. ठिबकच्या ऑटोमेशनचे आणि कोल्ड स्टोरेजचे कंट्रोल पॅनल आमच्याकडे बनतात, दुरुस्तीलाही येतात. माहेर यावल तालुक्यातलं, शाळा जिल्हा परिषदेची, नंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. नवीन पोरं-पोरी कामाला घ्यायच्या असल्या की इंटरव्ह्यू माझ्याकडेच असतो.

इंटरव्ह्यूत मी थिअरी फार विचारत नाही. टेबलावर ठिबकचा एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर पाणी चालू-बंद करणारा, ठेवते, २४ व्होल्टचा, शेजारी वीज मोजायचा मल्टिमीटर ठेवते आणि म्हणते हा चांगला आहे का गेलेला आहे ते सांग. काम दोन मिनिटांचं आहे. मीटर ओमवर घ्यायचा, कॉइलच्या दोन वायरींना टोकं लावायची, वीस-तीस-चाळीस ओम असं काही दिसलं तर कॉइल ठीक आहे, मीटर काहीच दाखवत नसेल तर आतून तार तुटली, शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. ओहमचा नियम नववीच्या विज्ञानात आहे, सगळ्यांना पाठ आहे, सूत्र विचारलं तर झोपेतही सांगतील. पण मीटर हातात दिला की बरीचशी पोरं थांबतात, कोणी व्होल्टवर ठेवून बघतं, कोणी टोकं कुठे लावायची ते विचारतं. एका पोराने मला सरळ सांगितलं, "मॅडम, मीटर सर धरायचे, आम्ही रीडिंग जर्नलमध्ये उतरवायचो." पोरगा हुशार होता, आता आमच्याकडेच आहे आणि चोपड्याच्या साइटवर एकटा जातो. त्याला शिकायला वेळ लागला नाही, हातात वस्तूच उशिरा आली.

तर हा हात शाळेतच चालायला पाहिजे, आणि त्यासाठीच तर कंपन्या, ट्रस्ट, रोटरीवाले लॅब देताय. मग अडतं कुठे?

मला एका हायस्कूलमध्ये करिअर मार्गदर्शनाला बोलावलं होतं. शाळेचं नाव लिहीत नाही कारण दोष त्या शाळेचा नाही आणि अशा शाळा खूप आहेत. कार्यक्रम झाल्यावर मी म्हटलं तुमची लॅब दाखवा. खोलीला कुलूप, चावी हेडसरांकडे, हेडसर मीटिंगला गेलेले. चावी आली तेव्हा शाळा सुटत आली होती. आत भिंतीवर देणगीदाराचा बोर्ड एकदम नवा कोरा. थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं कव्हर तसंच. त्यात घालायच्या प्लास्टिकच्या तारेचं, म्हणजे फिलामेंटचं, रीळ दोन पावसाळे उघड्यावर राहिलेलं, टोक धरून वाकवलं तर शेवेसारखं कटकन तुटलं, कारण हवेतली ओल धरली की ते ठिसूळ होतं आणि हे कोणीतरी पहिल्या दिवशी शाळेला सांगायला पाहिजे होतं. रोबोटच्या गाडीतले सेल काढलेच नव्हते, ते फुटून होल्डरवर पांढरी पावडर जमलेली. सेन्सरच्या छोट्या पिशव्या मात्र सगळ्या सीलबंद, मोजून ठेवलेल्या.

विज्ञानाच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, एखादा सेन्सर जळाला तर डेड स्टॉकला काय लिहू?" ज्यांनी शाळेत नोकरी केली त्यांना डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे काय ते माहिती आहे. वस्तू आली की नोंद होते, आणि तपासणीला ती वस्तू दाखवावी लागते. हरवली, मोडली तर लेखी खुलासा द्या, सह्या गोळा करा. सरांकडे आठवी-नववी-दहावीचं विज्ञान आणि गणित, वर बीएलओची म्हणजे मतदार यादीची ड्युटी, ऑनलाइन माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आणि प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी. किट आलं तेव्हा कंपनीच्या माणसाने अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग दिलं, त्यानंतर तो माणूस परत दिसला नाही. अशा परिस्थितीत मी त्या सरांच्या जागी असते तर मीही कुलूपच लावलं असतं. शिकायचं म्हणजे चार एलईडी जळणार, एक मोटर जळणार, एखादा बोर्ड उलटा जोडला जाणार, आणि जी लॅब चालते तिथे वस्तू खराब होतातच. मग खराब झालेली वस्तू लगेच बदलून देणारं आणि पोरांच्या शेजारी उभं राहणारं कोणीतरी पाहिजे ना.

आता पैशाचं बोलू, कारण देणाऱ्यांकडून एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते की आम्हाला वस्तू देता येते, पगार देता येत नाही, सीएसआरच्या म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायच्या पैशाच्या नियमात बसत नाही. हे बरोबर नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि शिक्षण, रोजगाराची कौशल्यं हे त्या यादीत आहेच. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीचा सीएसआर विभाग चालवायच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष प्रोजेक्ट राबवायला जो खर्च होतो तो त्या ५ टक्क्यांत मोजत नाहीत, म्हणजे शाळेत जाऊन शिकवणाऱ्या माणसाचं मानधन हा प्रोजेक्टचाच खर्च झाला. दुसरं, नियमात चालू प्रकल्प म्हणून सोय आहे, सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत एकच प्रकल्प चालवता येतो, शिल्लक पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा असतो. म्हणजे आठवीत आलेली पोरगी अकरावीला जाईपर्यंत तिच्या शाळेत तोच माणूस राहू शकतो. हे सगळं कायद्यात आहे, पण मार्च जवळ आला की पटकन खर्च दाखवायचा म्हणून वस्तूंची खरेदी होते, त्याचं बिल एका दिवसात मिळतं आणि फोटोही मिळतो.

सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबचंच बघा, पोरांनी स्वतः वस्तू बनवून शिकावं म्हणून शाळांना दिलेल्या लॅब. तिथे शाळेला २० लाखांचं अनुदान ठरवलं तेव्हा त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढची पाच वर्षं चालवायला असं धरलं होतं. म्हणजे चालवायचा खर्च उभारणीइतकाच असतो हे तिथे मान्य झालेलं आहे. मग खाजगी देणगीदार पूर्ण रक्कम कपाट भरण्यात का घालतात?

मी माझ्या पातळीवर एक हिशोब करून बघितला. आमच्याच भागातला इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला मुलगा किंवा मुलगी, महिन्याला २०,००० रुपये मानधन, वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. जवळजवळच्या तीन शाळा धरल्या, प्रत्येक शाळेत आठवड्याचे दोन दिवस. गाडीचं पेट्रोल आणि मोडतोडीचं सामान मिळून अजून लाखभर धरा. म्हणजे तीन शाळांचे मिळून वर्षाला साडेतीन लाखांच्या आत, एका शाळेला सव्वा लाख पण नाही. एका स्मार्ट क्लासरूमच्या उद्घाटनाचा मंडप, जेवण, ट्रॉफ्या यावर किती जातात ते ज्यांनी कार्यक्रम केलेत त्यांनी स्वतः मोजून बघावं. आणि यात एका डिप्लोमावाल्या पोराला गावाजवळ काम मिळतं, जो नाहीतर पुण्याला चाकणला कॉन्ट्रॅक्टवर नाहीतर सुरतला निघून गेला असता.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून गावात येऊन राहिले. तिथून जो मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय शाळांमध्ये गेला त्यात शिकवायला गावातलेच कारागीर, वेल्डर, वायरमन, शेतीतले जाणकार मानधनावर घेतात, त्यांना निदेशक म्हणतात. पोरं खरा खड्डा खणतात, खरं फॅब्रिकेशन करतात, रक्तगट तपासतात, गावातल्या लोकांची कामं करून देतात. जगातल्या पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनने कोणालाही वस्तू बनवता येतील अशा कार्यशाळांपैकी एक, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिलीच, २००२ मध्ये याच पाबळला आली, मुंबई-बंगलोरला नाही. कारण मशीन येण्याच्या आधी तिथे हाताने काम करणारी माणसं तयार होती.

आणि खान्देशात तर शिकवायला साहित्य बाहेरून आणायची गरजच नाही असं मला मनापासून वाटतं. रावेर-यावलचं केळीचं रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची बंद खोली घ्या. तापमान सोळा-अठरा अंशाच्या आसपास, हवेत ओल जास्त, फळ पिकवणारा इथिलीन गॅस १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग), आणि केळी श्वास घेते म्हणून जमलेला कार्बन डायऑक्साइड मधूनमधून बाहेर काढावा लागतो. यात जीवशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, थर्मोस्टॅट आहे, सेन्सर आहे, हिशोब पण आहे. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी का आहे, ओल लागल्यावर त्यातून अॅसिटिलीन कसा निघतो, हे केळीच्या गावातल्या पोराला त्याच्याच गावात समजावता येतं. पोराचा बाप केळीचं पान पिवळं पडलं की बागेत उभं राहून विचार करतो, आणि पोरगा शाळेत नत्र, पालाश, पीएच हे शब्द पाठ करतो, आणि दोघांची कधी गाठ पडत नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला डोंगरावर ओळीने पवनचक्क्या उभ्या आहेत, साक्रीलाच मोठा सोलर प्रकल्प आहे, भुसावळला रेल्वे आहे आणि दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. पवनचक्कीच्या पायथ्याशी गुरं चारणाऱ्या पोराला गिअरबॉक्स कुठे असतो ते कोणी सांगत नाही. तिथला एक टेक्निशियन महिन्यातून एका शनिवारी शाळेत आला तरी पुष्कळ आहे, कंपनीला त्याचा अर्धा दिवसच द्यायचा आहे.

देणगीची परंपरा पण आपल्याकडे नवीन नाही. अमळनेरला प्रताप शेठजींच्या देणगीतून शाळा उभी राहिली, तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली, कॉलेजला त्यांचं नाव आहे. प्रताप हायस्कूलला १९२४ पासून काही वर्षं साने गुरुजी शिकवत होते आणि छात्रालयात पोरांसोबत राहत होते. इमारत शेठजींची, पण ती शाळा महाराष्ट्राच्या लक्षात राहिली ती त्या शिक्षकामुळे. त्याच अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाची आणि तेलाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो, आणि त्याच घरातल्या अझीम प्रेमजींनी विप्रोच्या शेअरमधला मोठा वाटा शिक्षणाच्या कामासाठी दिला, २०१९ पर्यंत ती रक्कम १ लाख ४५ हजार कोटींच्या घरात गेली होती. त्यांच्या फाउंडेशनचं मुख्य काम सरकारी शाळेतल्या शिक्षकांसोबत वर्षानुवर्षं बसून करायचं आहे, त्यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यात माणसं नेमलेली आहेत. एवढा पैसा असणारे लोक माणसांवर खर्च करताय, तर आपल्या इथल्या पाईपवाल्यांनी, डाळमिलवाल्यांनी, सोन्याच्या पेढीवाल्यांनी पण हा विचार करावा.

नंदुरबारचं वेगळं लिहायला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातली ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, २०१८ मध्ये केंद्राने जे आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले, जिल्हे निवडले त्यात महाराष्ट्रातले चारच होते आणि त्यात एक नंदुरबार. सीएसआरचा पैसा देशात सगळ्यात जास्त महाराष्ट्राला मिळतो, पण कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यात लिहिलंय आणि मोठ्या कंपन्या मुंबई-पुण्याच्या, मग धडगाव-मोलगीच्या आसपास कोणाचा कारखाना आहे? प्राधान्य म्हणजे सक्ती नाही, बाहेरही खर्च करता येतो, फक्त इच्छा पाहिजे. तिथल्या आश्रमशाळेत पोरांची घरची बोली भिली, पावरी, पुस्तक मराठी, आणि किटचं माहितीपत्रक इंग्रजीत. त्या शाळेत पावरी बोलणारा, त्याच भागातला आयटीआय झालेला पोरगा उभा केला तर जे काम होईल ते कुठल्याच टॅबने होणार नाही.

करिअरच्या नावाने जे कार्यक्रम होतात त्याबद्दलही थोडं लिहिते. एक दिवस हॉलमध्ये तीनशे पोरं बसवून मोठी स्वप्नं बघा असं सांगितलं जातं. पोरांना स्वप्नं आहेत, पहाटे पाचला गावोगावी भरतीसाठी पळणारी पोरं बघा. त्यांना कमी पडते ती माहिती, आणि ती वेळेवर सांगणारा माणूस. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, पास झालं आणि उत्पन्नाच्या अटीत बसलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात, कित्येक घरांना हे नववी सुरू झाल्यावर कळतं. डिप्लोमाच्या, इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेश फेरीला) जातीचा दाखला असतो पण त्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, नसते, नॉन क्रिमिलेअर जुनं झालेलं असतं, ऑप्शन फॉर्म सायबर कॅफेवाला त्याच्या मनाने भरतो, आणि चांगल्या मार्कांची पोरगी लांबच्या कॉलेजला लागली म्हणून घरचे पाठवत नाहीत. आमच्याकडे अॅप्रेंटिस आणि हेल्पर दोन्ही येतात, ३० आणि त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला अॅप्रेंटिस घ्यावेच लागतात हे पोरांना तर माहिती नसतंच, कित्येक मालकांना पण नसतं. एका बाईने मला अहिराणीत विचारलं होतं, "ताई, मना पोऱ्याले काय शिकाडू?" त्यांना भाषण नको होतं, कोणता फॉर्म कधी निघतो आणि त्याला किती पैसे लागतात एवढंच पाहिजे होतं. लॅबवर नेमलेला माणूस हे काम पण करू शकतो, कारण तो आठवड्यातून दोन दिवस तिथेच असणार.

मुलींचं अजून एक आहे. शाळेत जायला एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, ही फार चांगली सोय आहे, पण गावाकडे जाणारी गाडी शाळा सुटल्या सुटल्या निघते आणि त्यानंतरची कधी येते कधी येत नाही. त्यामुळे शाळा सुटल्यानंतर सायन्स क्लब ठेवला की तिथे फक्त गावातली मुलं थांबतात. लॅबचा तास वेळापत्रकात पाहिजे, शाळेच्या वेळेत, दोन पोरींच्या हातात एक मीटर असा. देणगी देताना एवढी एक अट लेखी घातली तरी खूप मुलींचा फायदा होईल.

संस्थाचालकांनाही सांगायचंय. देणगीचा करार करतानाच लिहून घ्या की किटमधल्या छोट्या वस्तू, सेन्सर, सेल, वायरी, एलईडी या वापरून संपणाऱ्या वस्तू म्हणून धरायच्या, डेड स्टॉकला घ्यायच्या नाहीत. रसायनांच्या बाटल्यांचं आपण असंच करतो. सरांच्या मनातली भीती या एका कागदाने निम्मी कमी होईल.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे पण मागणी आहे. लॅबच्या लोकार्पणाची बातमी जरूर छापा, देणाऱ्याचं नाव छापा, पण त्यात एक ओळ वाढवा की ही लॅब कोण चालवणार, आठवड्यातून किती दिवस, आणि त्याचा पगार किती वर्षं कोण देणार. वार्ताहराने हा प्रश्न स्टेजवरच विचारला तर उत्तर तयार ठेवूनच लोक कार्यक्रम घेतील. वर्षभराने त्याच शाळेत एक वार्ताहर पाठवा, पोरं मीटर कशी धरतात त्याचा फोटो काढा. आमच्या युनिटमधून मी आणि अजून दोघं जण शनिवारी सकाळी जळगाव तालुक्यातल्या एका शाळेत यायला तयार आहोत, मीटर आणि जुने व्हॉल्व्ह आमचे आम्ही आणू, चार पोरांनी जाळले तरी चालतील. ज्या शाळेला हवं असेल त्यांनी आपल्या कार्यालयात चिठ्ठी द्यावी, आम्ही संपर्क करू.

आपली,
एक वाचक, जळगाव